फळीवरचा ऑक्टोबर

पाडवा जवळ आला की रायपूरच्या अख्ख्या तात्यापाऱ्यात एकाच माणसाचं तोंड उतरायचं, आणि ते अच्युतराव दाण्यांचं. सणाशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते स्वयंपाकघरातल्या एका चिनी मातीच्या बरणीशी.

ही बरणी मूळची लिंबाच्या लोणच्याची. सहा वर्षांपूर्वी अच्युतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि महिन्याभरात घरातल्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायला लागले. डाळ किती शिट्ट्यांत शिजावी इथपासून शेजाऱ्यांनी गाडी कुठं लावावी इथपर्यंत त्यांना मतं फुटली. तेव्हा मागच्या गल्लीत राहणारे त्यांचे चुलते बाबाराव मध्ये पडले. बाबाराव जन्मभर हेडमास्तर, वय ब्याऐंशी, आणि घरात अजून त्यांचाच शब्द चाले. रिकाम्या माणसाला काहीतरी उद्दिष्ट पाहिजे, असं म्हणून त्यांनी बरणी धुऊन घेतली आणि नियम घालून दिला.

नियम असा. पाडव्याला घरातल्या तिघांनी, म्हणजे अच्युतराव, त्यांची बायको मीरा आणि मुलगी ऋता यांनी, वर्षाचा एकेक संकल्प चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या, उलटून गेलेल्या महिन्याच्या पानाची, म्हणजे मागच्या छापावरून ती कोणत्या वर्षाची हे कळावं. बरणीवर फडकं, फडक्यावर दोरा, दोऱ्याला बाबारावांची खास गाठ. पुढच्या पाडव्याला गुढी उभारायच्या आधी बरणी उघडायची आणि बाबारावांनी चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या. ज्याचा संकल्प पुरा झाला त्याला गुळासकट कडुनिंब, आणि गुढी उभारायचा मान. ज्याचा झाला नाही त्याला वाटलेल्या कडुनिंबाचा लिंबाएवढा गोळा, बिनगुळाचा, सगळ्यांसमोर.

पाच वर्षं अच्युतराव तो गोळा गिळत आले होते. पहिल्या वर्षी त्यांनी आठ किलो वजन कमी करायचं लिहिलं आणि तीन वाढवलं. दुसऱ्या वर्षी बासरी शिकायची ठरवली. बासरी आणली, ती वाजली नाही, पुढं ऋतानं त्याच बासरीनं पंख्यावरची जळमटं काढली. तिसऱ्या वर्षी तेलीबांध्याच्या तळ्याला रोज चार चकरा. त्यासाठी भारी बूट घेतले, तळ्यापर्यंत जाऊनही आले, पण तिथं मित्रमंडळींसोबत बाकावर बसण्यात सकाळ संपायची. चौथं आणि पाचवं वर्ष सांगण्यासारखं नाही. ऋताही दरवर्षी नापास व्हायची, पण ती नवा रायपूरच्या ऑफिसात नोकरी करणारी मुलगी, गोळा खाताना स्वतःचाच व्हिडिओ काढायची आणि हसायची. तिला लाज नव्हती, म्हणून शिक्षाही नव्हती.

आणि मीरा? मीरा दरवर्षी पास. कणकेचे पाचशे सरगुंडे वळून वाळवीन, झाले. अंगणात बारा कुंड्या लावीन, लागल्या. त्यामुळे पाच वर्षं दाण्यांच्या घरची गुढी मीराच्या हातानं उभी राहत होती, आणि घरचे कर्ते पुरुष अच्युतराव खाली स्टूल धरून उभे असत. समोरच्या गच्चीवरून लोक बघत. मागच्या वर्षी एकानं विचारलंसुद्धा, "दाणी भैया, प्रमोशन कब होगा?"

हे त्यांना फार लागलं. यंदा काहीही झालं तरी स्टूल धरायचं नाही, वर चढायचं, असं त्यांनी ठरवलं. मागच्या पाडव्याला चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं होतं, 'रागावर ताबा मिळवीन.' त्या संकल्पाचं काय झालं हे दूधवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे उरला एकच मार्ग. चिठ्ठी बदलायची.

पाडव्याला आठ दिवस होते. मीरा आणि ऋता गुढीचं कापड घ्यायला सदर बाजारात गेल्या, म्हणजे दोन तासांची निश्चिंती. अच्युतरावांनी आधी बाबारावांच्या गाठीचे मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढले, मग गाठ सोडली. आपली चिठ्ठी काढून खिशात घातली आणि नवी लिहायला बसले.

इथं पहिली पंचाईत झाली. गेल्या वर्षात आपण नेमकं काय साधलं, ते त्यांना आठवेना. पेन तोंडात धरून त्यांनी एकेक महिना मागं जाऊन पाहिला. एप्रिलमध्ये कूलरची जाळी बदलली होती. जुलैत पाठ धरली होती. दिवाळीत साडूशी भांडण झालं होतं. अडुसष्टाव्या वर्षी एका माणसाच्या हातून वर्षभरात एवढंच व्हावं, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं. शेवटी डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, ते आठवलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. 'डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेईन.' पुरावा तोंडावरच होता, कोणी नाकारू शकलं नसतं.

आता कागद मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा हवा. ते कुठं मिळणार हे त्यांना माहीत होतं. जुन्या कॅलेंडरचं एक मोठं पान मीरा दर जानेवारीत डब्यांच्या फळीवर अंथरायची, जुन्यावरच नवं. त्यांनी डबे उतरवले. वर मागच्या वर्षीचा ऑक्टोबर होता, आणि ऑक्टोबरचा एक कोपरा कुणीतरी कात्रीनं नीट कापून नेलेला होता. बरोब्बर चिठ्ठीएवढा.

अच्युतरावांनी बरणीतली मीराची चिठ्ठी काढली. 'वर्षभरात दोन स्वेटर विणीन.' चिठ्ठी उलटी केली. मागं कोजागरी छापलेली होती. कोपऱ्यात ठेवून पाहिली, तर चंद्राचा अर्धा गोळा पानावर आणि अर्धा चिठ्ठीवर, असा जुळला की रेघसुद्धा दिसेना.

म्हणजे मार्चमध्ये लिहिलेली चिठ्ठी ऑक्टोबरच्या पानाची होती. बाबाराव फक्त साल बघत, महिना नाही.

अच्युतरावांना इतका आनंद झाला की ते स्टुलावरच बसले. पाच वर्षं! पाच वर्षं ही बाई आधी स्वेटर विणत होती आणि मग संकल्प लिहीत होती, आणि आपण खाली स्टूल धरून उभे! आता पाडव्याला बाबारावांसमोर ऑक्टोबर ठेवायचा, कोजागरी जुळवून दाखवायची, आणि समोरच्या गच्चीलाही आधीच निरोप द्यायचा. भाषणाचं पहिलं वाक्यही त्यांना सुचलं. आपण स्वतः त्याच फळीवर त्याच कामाला आलो होतो, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

पुरावा म्हणून त्यांनी ऑक्टोबरचं पान उचललं. खाली एक चिठ्ठी होती. मीराचीच, पण ही खरी, मागं फेब्रुवारीच्या तारखा असलेली. तिच्यावर लिहिलं होतं, 'यांना एकदा तरी नाही म्हणायचं.'

त्यांनी ती दोनदा वाचली. मग खालचं पान उचललं, त्याच्या आदल्या सालचं. त्याखालीही चिठ्ठी. 'यांना एकदा तरी नाही म्हणायचं.' त्याच्या खाली आणखी एक. हळदीचे डाग, तेलाचे गोल, आणि तेच ते गोल अक्षर. अगदी तळाच्या पानाखाली सहावी होती. तिच्यात 'नाही' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या.

आधी त्यांना राग आला. आपण असं काय मागितलं आयुष्यात, की नाही म्हणायची पाळी यावी? आपण तर प्रत्येक गोष्ट विचारून केली. विचारलं की मीरा म्हणायची, "हव." चाळीस वर्षं हे 'हो'च्या जागचं, छत्तीसगढच्या मातीतलं 'हव' तिच्या तोंडी इतकं बसलं होतं, की त्यांनी कधी उत्तराची वाटही पाहिली नव्हती. घराला पोपटी रंग देऊ या? हव. नागपूरला बहिणीकडं मग जा, या आठवड्यात पाहुणे आहेत? हव. आणि जगदलपूरला बदली झाली तेव्हा? मीरा तेव्हा शाळेत गाणं शिकवायची. महिन्याभरात ती कायम होणार होती. नोकरी सोडतेस ना, एवढंच त्यांनी विचारलं होतं, तेही ट्रंक बांधता बांधता.

अच्युतरावांना लाज वाटली. अशी लाज पाच वर्षांच्या गोळ्यांनी मिळून वाटली नव्हती.

तेवढ्यात फाटक वाजलं. त्यांनी घाईघाईनं चिठ्ठ्या जागी सारल्या, पानं कशीबशी अंथरली, डबे ठेवले, स्वतःची खरी आणि मीराची स्वेटरची अशा दोन्ही चिठ्ठ्या परत बरणीत टाकल्या आणि फोटोत बघून गाठ मारली. मोतीबिंदूची चिठ्ठी तेवढी लिहायचीच राहिली. मीरा आत आली तेव्हा ते खिडकीशी उभे राहून आभाळ बघत होते. ते कधीच आभाळ बघत नसत.

त्यांनी मनाशी ठरवलं की पाडव्याच्या आत मीराकडून एक तरी 'नाही' वदवून घ्यायचं. आठ दिवस होते. बाईमाणूस चिडेल असं काही मागितलं, की झालं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, काही सणवार नसताना, त्यांनी पुरणपोळी मागितली. मीरा म्हणाली, "हव. पुरण तेवढं तुम्ही वाटून द्या." मिक्सर नेमका बिघडलेला होता. पाट्यावर पुरण वाटताना त्यांचे खांदे भरून आले.

मग त्यांनी झोपायच्या खोलीतलं गोदरेजचं कपाट बैठकीत न्यायची टूम काढली. "हव, धरा तिकडून," मीरा म्हणाली. संध्याकाळी कपाट बैठकीत शोभत नाही म्हणून ते परत आत न्यायचं फर्मान त्यांनी काढलं, तर त्यालाही हव. त्या दिवशी पाठ पुन्हा धरली.

चौथ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की तेलीबांध्याच्या बाकावरचे आपले तेराही मित्र उद्या जेवायला येणार. हव. ते आलेही. मीरानं भाजी-पोळी केली आणि वाढायला अच्युतरावांना उभं केलं, कारण मित्र तुमचे. तेरा जणांत दोघांना मधुमेह, एकाला कांदा चालत नाही, आणि सगळ्यांना ताक दोनदा हवं. अच्युतराव रात्री पाय शेकत बसले.

ऋता हे सगळं बघत होती. तिनं आईला बाजूला घेऊन विचारलं, पापा को हुआ क्या है? मीरानं सांगितलं की वय झालं, असं होतं.

सहाव्या दिवशी अच्युतरावांनी ब्रह्मास्त्र काढलं. हे घर भाड्यानं द्यायचं आणि गुढियारीत मालधक्क्याजवळ एक खोली घेऊन राहायचं, असं त्यांनी जेवताना सांगितलं. तिथं दिवसरात्र ट्रक, पोती आणि हमाल. झोप म्हणून लागायची नाही. मीरानं भात कालवला, क्षणभर विचार केला आणि विचारलं, "हव. कधी निघायचं?" जेवण झाल्यावर तिनं माळ्यावरून सूटकेस काढून पुसलीही. ती परत माळ्यावर चढवायला अच्युतरावांना स्टूल घ्यावं लागलं.

पाडव्याच्या आदल्या दुपारी त्यांचा धीर सुटला. "यंदा गुढीच नको उभारू," ते म्हणाले. "काय ठेवलं त्यात."

मीरा कापडाला इस्त्री करत होती. इस्त्री थांबली. अच्युतराव श्वास रोखून उभे राहिले. तिचे ओठ हलले, नाकपुड्या फुगल्या, आणि मग तिनं इस्त्री उभी ठेवून बटण बंद केलं.

"हव," ती म्हणाली.

संध्याकाळी मीरा देवळात गेली तेव्हा ते पुन्हा बरणीपाशी गेले. स्वेटरची चिठ्ठी काढून त्यांनी खिशात घातली आणि पानांखालची मागच्या पाडव्याची खरी चिठ्ठी बरणीत टाकली. निदान ती वाचली तरी जावी. वाचली की सांगायचं, चूक माझी, गोळा मी खातो. एकाच्या जागी दोन. त्याशिवाय त्यांना काही सुचत नव्हतं.

पाडव्याला सकाळी सातलाच बाबाराव सोवळं नेसून हजर झाले. गुढी नको म्हटलं होतं ते घरात कुणी मनावर घेतलं नव्हतं. काठी, कापड, गाठी, तांब्या सगळं तयार होतं.

बाबारावांनी गाठ सोडली. आधी ऋताची चिठ्ठी निघाली, जिमला जायची. ऋतानं मोबाइल उभा केला आणि गोळा खाऊन टाकला. मग अच्युतरावांची. "रागावर ताबा," बाबारावांनी वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. पुरावा मागायची गरज नव्हती. अच्युतरावांनी मुकाट्यानं गोळा घेतला. जीभ, टाळू, घसा, सगळं कडू जहर झालं.

तिसरी चिठ्ठी बाबारावांनी उघडली, वाचली, उलटून साल पाहिलं, पुन्हा वाचली. मग शाळेत निकाल सांगावा तसं मोठ्यानं म्हणाले, "यांना एकदा तरी नाही म्हणायचं."

ऋतानं मोबाइल खाली ठेवला. मीरा मात्र दचकली नाही. ती पदर खोचून ताटापाशी उभी होती.

"झालं का मग?" बाबारावांनी विचारलं.

अच्युतराव पुढं झाले. त्यांचा आवाज घशातल्या कडवटपणानं बसला होता.

"नाही झालं, काका. अन् ते माह्यामुळं नाही झालं. चाळीस वर्षं मी विचारलं, पण ऐकायले थांबलोच नाही." त्यांनी ताटातला तिचा गोळा उचलला. "हिच्या वाट्याचा मीच खातो."

"नाही," मीरा म्हणाली.

अच्युतरावांचा हात तोंडाशी गेलेला तसाच राहिला.

"ठेवा तो खाली. माहा कडुनिंब मीच खाईन." तिनं त्यांच्या हातातून गोळा घेतला, तोंडात टाकला आणि पेढा खावा तसा चावून खाल्ला.

बाबारावांना कमी ऐकू यायचं. काय म्हणाली, काय म्हणाली, असं त्यांनी ऋताला विचारलं. मीरानंच त्यांच्या कानापाशी जाऊन पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज समोरच्या गच्चीपर्यंत गेला असावा.

"अगं, मग गोळा काहून खाल्ला?" बाबाराव म्हणाले. "गुढी अजून उभी नाही झाली, म्हणजे जुनं वर्ष संपलं नाही. तू पास झाली."

तेव्हा मीरानं स्वतःच सांगून टाकलं, की हा गोळा यंदाचा नाही, मागल्या पाच वर्षांचा आहे. तेव्हा आपण चिठ्ठ्या बदलल्या होत्या. बाबारावांनी चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाले की आज आपल्या कानात दडे बसले आहेत, आणि मुहूर्त टळून जाईल, गुढी आणा.

गुढी मीरानंच उभारली. स्टूल अच्युतरावांनी धरलं. खालून त्यांनी हळूच विचारलं, की चिठ्ठी निघाली तेव्हा तिला नवल कसं वाटलं नाही.

"फळीवर ऑक्टोबर होता," मीरा वरून, काठीला कापड बांधता बांधता म्हणाली. "तुम्ही त्याच्या जागी तीन वर्षांआधीचा जून घातला. मले त्याच दिवशी कळलं."

"मंग आठ दिवस हव हव काहून करून राहिली होती?"

"मजा येऊन राहिली होती."

अच्युतरावांना पाट्यावरचं पुरण आठवलं, कपाट आठवलं, तेरा जणांचं ताक आठवलं. त्यांना रागावता आलं असतं. पण वरून ती हसत होती, तोंड दाबून, गुढीच्या आडोशानं, आणि असं हसताना त्यांनी तिला जगदलपूरच्या आधी पाहिलं होतं. त्यांनी स्टूल आणखी घट्ट धरलं.

नवीन चिठ्ठ्या लिहून झाल्या. मीरानं हात आडवा धरून लिहिली, घडी घातली आणि बरणीत टाकली. काय लिहिलं ते सांगतेस का, असं त्यांनी दुपारी विचारलं, तर नाही म्हणाली. कढी आणखी आहे का विचारलं, तर नाही. टीव्हीचा आवाज कमी करतेस का, नाही. शब्द नवा होता आणि ती तो पुरवून वापरत नव्हती.

चार वाजता त्यांनी सवयीनं चहाची हाक मारली. झोपाळ्यावरून आवाज आला, "नाही." मग अच्युतराव उठून स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा शोधायला सगळे डबे खाली उतरवले. फळीवर ऑक्टोबर परत वर आला होता. त्यांनी बाहेर कानोसा घेतला आणि नखानं पानाचा कोपरा उचलून पाहिला. उचलला जाईना. चारी बाजूंनी खळ लावून पान फळीला पक्कं चिकटवलं होतं.

दोन कप घेऊन ते बाहेर आले. चहा काळा झाला होता आणि साखर बेतानं पडली नव्हती. मीरानं घोट घेतला, डोळे बारीक केले, आणि घोट घोट करत कप संपवला. अच्युतराव उभेच होते. विचारून झाल्यावर या वेळी ते उत्तरासाठी थांबले.

"चांगला झाला का?"

"नाही," मीरा म्हणाली, आणि रिकामा कप पुन्हा भरून आणायला त्यांच्यापुढं धरला.